रिकाम्या कागदावरचा श्वास

१

"बाटल्या आहेत, सर. सगळ्या आहेत. आत जे जिवंत होतं, तेवढंच गेलंय."

हर्षाचा फोन आला तेव्हा मी निरगुडसरला ओट्यावर शेंगा निवडत बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला तिचा रागच आला. पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं इन्फ्रारेड यंत्रापुढे घालवून मी निवृत्त झालो होतो. पोलिसांनी आणलेली विषं, हातभट्टी, भेसळीचं तूप, काय काय म्हणून तपासलं नाही! आता या रखमाजीनं गावात राहावं आणि शेंगा निवडाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. पण ही पोर भर दुपारी फोनवर कुजबुजत होती, आणि दिवसाढवळ्या कुणी कुजबुजायला लागलं की मला चैन पडत नाही.

सप्टेंबर २००३. गणपती नुकतेच बुडाले होते. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी ओतूरकडे निघालो. कॉलेजचं नाव सांगत नाही, लहान आहे आणि त्याला आधीच पुष्कळ कटकटी आहेत. तिथल्या प्रयोगशाळेला एका औषध कारखान्यानं आपलं जुनं इन्फ्रारेड यंत्र दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते चालू करून द्यायला मीच गेलो होतो आणि हर्षाला ते चालवायला मीच शिकवलं होतं. पोर हुशार. ओतूरच्या मदनलाल शेठची, तेलाच्या मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी.

तिचं काम होतं एका गुलाबी यीस्टवर. लेण्याद्रीच्या रांगेत, मुख्य लेण्यांपासून बरीच लांब, एक नाव नसलेलं लेणं आहे. तिथल्या पोढीत, म्हणजे कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यात, तिला ते सापडलं होतं. या यीस्टला साखर भरपूर दिली आणि बाकीचं पोषण तोडलं, की त्याची वाढ थांबते आणि ते सगळी साखर चरबी करून अंगात साठवत जातं. किती साठवलं ते यंत्र सांगतं. यीस्टचा पातळ थर वाळवायचा, त्यातून इन्फ्रारेड किरण सोडायचे, की पेन कागदावर डोंगर काढत जातं. १७४५ या आकड्यावरचा डोंगर चरबीचा, १६५५ वरचा प्रथिनांचा. पहिला दुसऱ्याच्या मानानं जितका उंच, तितकं यीस्ट लठ्ठ.

प्रयोगशाळेत शिरलो. काचेच्या कपाटात एक बल्ब जळत होता. यंत्रातल्या मिठाच्या काचा दमट हवेत विरघळतात, म्हणून तो रात्रंदिवस जळतोच. त्या उजेडात भिंतीवरच्या खुंट्यांना आठ मोठे फ्लास्क पालथे टांगलेले होते. स्वच्छ, कोरडे. शेजारी बारा परीक्षानळ्या, त्याही धुतलेल्या. आणि खालच्या ट्रेमध्ये तीन फ्लास्क अजून गुलाबी द्रवानं भरलेले, कुणी हातही न लावलेले.

"हे तीन का सोडले?" मी विचारलं.

"ते मेलेले आहेत, सर. तेरा दिवसांपूर्वी, चोरी झाली त्या शुक्रवारी दुपारीच उकळून मारले होते. दिसायला मात्र जिवंतांसारखेच." हर्षा म्हणाली. "कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक माझी, एक संपतदादाची."

संपत हा प्रयोगशाळेचा शिपाई. अकरा वर्षं तात्पुरता. त्याला कायम करण्याचा हुकूम प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. आता त्याच टेबलावर पोलिसांत द्यायची तक्रारही होती. मदनलाल शेठ कॉलेजच्या मंडळावर, आणि त्यांनी बजावलं होतं: सोमवारी तक्रार जाईल आणि संपत घरी जाईल.

"तुला काय वाटतं?"

"दादा असं करणार नाही. पण मग कोण? सर, तुम्हाला बोलावलं ते यासाठी." तिनं ड्रॉवरमधून एक लांब कागद काढला. "रोज निघताना मी यंत्र रिकामं चालवते. कप्प्यात काही न ठेवता. रेघ सरळ आली की समजायचं, यंत्र ठीक. शुक्रवारी पाच पस्तीसला बटण दाबलं आणि खोली बंद करून गेले. सकाळी येऊन बघते तर हे."

रेघ सरळ नव्हती. तीन ठिकाणी ती पिसाळल्यासारखी वर-खाली झाली होती.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. असा कागद मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही एका शिकाऊ पोरानं चेष्टा केली म्हणून.

"हर्षा," मी म्हणालो, "रिकाम्या खोलीत इथं कुणीतरी श्वास घेत होतं."

२

यात भुताटकी काही नव्हती, पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते राहिलेच.

हवेतली वाफ आणि कर्बवायू हे यंत्र दोन किरणांची तुलना करून स्वतःच वजा करतं. मात्र उघड्या कप्प्याजवळ कुणी तोंड आणलं, तर त्याचा श्वास एकाच किरणाच्या वाटेत येतो आणि पेनला तो लपवता येत नाही. पहिले काटे वाफेचे, मधला सुळका कर्बवायूचा, पुढे परत वाफ. पेन कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला वीस मिनिटांत जातं, म्हणून मला मिनिटंही मोजता आली. पाच सदतीस ते पाच अठ्ठेचाळीस. निदान अकरा मिनिटं कुणीतरी या यंत्राशी तोंड नेऊन, हलणारं पेन बघत शांतपणे श्वास घेत होतं.

चोर असं करतो का? एकतीस वर्षांत मी पुष्कळ चोरांबद्दल वाचलं, पण चोरी करायला येऊन अकरा मिनिटं बसून राहिलेला एकही नाही.

संपतला बोलावलं. उंच, सहा फुटांच्या आसपास, वाकायची सवय नसलेला माणूस. किल्ली काढून घेतल्यापासून तो व्हरांड्यातच उभा असायचा.

"शुक्रवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"हितंच व्हतो."

"खोलीत?"

तो म्हणाला, "सायेब, काय ल्ह्यायचं ते ल्ह्या. मी काय बोलायचा न्हाई."

"अरे, सोमवारी पोलीस येतील. अकरा वर्षं घातलीस इथं. तुझ्या पोराबाळांचा तरी विचार कर!"

"पोरांचा इचार करूनच सांगतोय," तो म्हणाला. डोळे मात्र त्यानं खाली घातले.

"बरं, एवढं तर सांग. हे फ्लास्क कुणी धुतले?"

"लई सोच्छ धुतल्यात न्हवं?" एवढं बोलून तो निघून गेला. मला खात्री पटली की धुणारे हात त्याचेच. पण यंत्राजवळचा श्वास त्याचा नव्हता. यंत्र बुटक्या टेबलावर. उभ्या संपतचं तोंड त्या कप्प्याच्या दोन-अडीच फूट वर राहतं. धुवायची मोरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो तिकडे धूत असताना इकडे स्टुलावर दुसरं कुणीतरी बसलेलं होतं. ज्याला तेवढा वेळ उभं राहवत नव्हतं, असं कुणीतरी.

मग चांगदेव सरांकडे गेलो. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, हर्षावर दात धरून असलेले. यंत्र आपल्याच विभागाला मिळायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

"तिच्या त्या चिकट घाणीनं मिठाच्या दोन काचा पार आंधळ्या झाल्या हो!" ते कडाडले. "पण मी कशाला चोरू? मला तिचं काम बुडवायचं असतं तर वह्या जाळल्या असत्या. वह्या तर तिथंच आहेत. आणि मला मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, ते काय कळतंय? उकळलेल्या फ्लास्कच्या गळ्याला संपत पांढरा दोरा बांधतो म्हणे, हे मला काल समजलं."

माणूस खडूस होता, पण बोलत होता ते बरोबर होतं. घेणाऱ्याला चरबी हवी असती तर मेलेल्या तीन फ्लास्कांतही ती तेवढीच होती. नेणाऱ्याला हवे होते ते फक्त जीव.

मी उठलो तसे चांगदेव सर एकदम आवाज उतरवून म्हणाले, "ते डोंगरावरचं ऐकलं ना तुम्ही? जिथून तिनं ते यीस्ट आणलं, ती पोढी लाल झालीय."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगर चढलो. गुडघे शिव्या देत होते. खाली चार घरांची वस्ती आहे, आणि तिथली ठमाबाई नावाची वयस्क बाई वाट दाखवायला आली. लेण्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"म्होरं तुमी जा, पावणं. मी न्हाई येत."

"का?"

"आत बाई विटाळशी बसलीया." ती अगदी सहज बोलली, घरातल्या सुनेबद्दल बोलावं तसं. "आमच्या सासूच्या सासूपास्नं ह्या पोढीचं पाणी आमी पितो, कदी असं न्हाई झालं. आठ दिस झाले, पाण्याला रंग चढतोय. आता आमी खालच्या ओढ्याला जातो. आनि आतनं हुंदकं ऐकू येत्यात."

मी एकटाच आत गेलो. बाहेर लख्ख ऊन, आत दहा पावलांवर अंधार. पोढी लहानच, गुडघ्याइतक्या कठड्याची, पण खोल. बॅटरी मारली. पाण्याच्या कडेनं सगळीकडे गुलाबी साका धरला होता, आणि मधल्या काळ्या पाण्यावर तो धाग्याधाग्यांनी पसरत चालला होता. एवढ्यात हुंदका आला. अगदी कानाशी, ओला, थांबून थांबून. सांगायला लाज वाटते, पण मी बॅटरी टाकून पळायच्या बेतात होतो.

मग नीट ऐकलं. वरच्या भेगेतून पाणी आतल्या पोकळीत पडत होतं आणि हवा कोंडून परत येत होती. हुंदका पोढीचाच होता आणि बहुतेक दोन हजार वर्षं तसाच येत असणार. वस्तीनं तो रंग चढल्यावर ऐकायला सुरुवात केली, एवढंच. हे कळूनही मी पाठ भिंतीला लावूनच उभा राहिलो.

कठड्यावर शेवाळ होतं आणि त्यात दोन खुणा होत्या. दोराच्या. एक जाड, एक बारीक, वीतभर अंतरानं, अगदी समांतर. मी ठमाबाईला हाक मारून विचारलं, "तुम्ही पाणी कसं काढता?"

"हंड्याला दोर बांदून. कसं काडत्यात?"

"एक दोर की दोन?"

"एकाच हंड्याला दोन दोर कोन बांदल, राव?" ती बाहेरूनच म्हणाली. "येड लागलंय का?"

मी थोडा साका बाटलीत घेतला. पाण्यात काही फेकायचं असेल तर माणूस वरून ओततो आणि पळतो. इथं कुणीतरी एक भांडं दोन दोरांनी, हळूहळू, पार पाण्यापर्यंत खाली नेलं होतं.

परतताना ठमाबाईनं विचारलं, "कुनी मेलं व्हतं का हो, पावणं, गेल्या पंधरवड्यात?"

"का?"

"पाण्याला रंग चढायच्या आदी, एका शनवारी तांबडं फुटताना एक उंच मानूस आत गेला व्हता. बायेर आला तवा रडत व्हता."

४

दुपारी हर्षानं तो साका धुतला, मिठाच्या काचेवर पातळ पसरून वाळवला आणि यंत्रात सरकवला. आम्ही दोघं पेनकडे बघत बसलो. खोलीत पेनच्या खरखरीशिवाय आवाज नव्हता.

"तू दोन वर्षांपूर्वी याच पोढीतून जंगली यीस्ट आणलंस, तेव्हाचा कागद आहे?"

तिनं तो शेजारी मांडला. त्यावर १७४५ ला जेमतेम एक उंचवटा होता. बरोबरच आहे. कातळातल्या पाण्यात साखर कुठली? तिथलं यीस्ट जन्माचं काटकुळं.

पेन पुढं सरकत सरकत १७४५ च्या जवळ आलं आणि चढायला लागलं. चढतच गेलं. शेजारच्या प्रथिनांच्या डोंगराला मागं टाकून ते कागदाच्या वरच्या काठाला जवळजवळ टेकलं.

"हे पोढीत जन्मलेलं नाही," मी म्हणालो. "हे कुणीतरी साखर घालून पोसलेलं आहे. तुझंच आहे, हर्षा. तुझे आठही फ्लास्क त्या पोढीत आहेत. उरलेल्या साखरेसकट गेले, म्हणून तिथं असे माजले."

"म्हणजे चोरलं नाही? फेकून दिलं?"

"फेकलं नाही. सोडलं. जिथून आणलंस, तिथंच नेऊन सोडलं." मी तिला दोन दोरांचं अजून सांगितलं नव्हतं. "त्या शुक्रवारी तुझ्या घरी काय चाललं होतं?"

"पर्युषण, सर, आम्हा जैनांचं उपवासाचं पर्व. सहावा दिवस. दादीनं आठ दिवसांचा उपवास धरला होता, एक्याऐंशीव्या वर्षी." तिचे डोळे भरले. "पुरा झाला नाही. शनिवारी रात्री गेली ती. संवत्सरीच्या, म्हणजे पर्वाच्या शेवटच्या दिवसाच्या, आदल्या रात्री."

हर्षाची दादी प्यारीबाई गेल्याचं मला माहीत होतं, पण तारीख माहीत नव्हती. शुक्रवार, शनिवार, उंच माणूस रडत बाहेर आला. माझ्या डोक्यात एक गोष्ट जुळत होती आणि ती जुळू नये असं मला मनापासून वाटत होतं.

"मला तुझं घर बघायचंय," मी म्हणालो.

५

मदनलाल शेठ पांढऱ्या कपड्यांत बैठकीत बसले होते. दाढी वाढलेली. मला त्यांनी आदरानं बसवलं, पण संपतचं नाव निघताच चेहरा बदलला.

"रखमाजीराव, तुम्ही त्याची बाजू घ्यायला आला असाल तर चहा घ्या आणि जा. पोरीची दोन वर्षं त्यानं पाण्यात घातली."

"तोच कशावरून?"

"मला माझ्या आईनं सांगितलं." त्यांचा आवाज चिरकला. "जाताना तिला बोलता येत नव्हतं. दोनदा एकच नाव घेतलं. संपत. संपत. डोळ्यांतून पाणी. पोटच्या मुलाचं नाव नाही, त्या शिपायाचं! त्यानं तिला काहीतरी दुखवल्याशिवाय ती त्याचं नाव घेऊन का रडेल? ती रोज आमच्या स्थानकात, प्रवचनाला, जाता-येता कॉलेजात डोकावायची, नातीचं यंत्र बघायला. तिला काहीतरी दिसलं असणार."

मागच्या परसात आडाजवळ कामाची बाई साळुबाई पाणी गाळत होती. हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं, त्यातून पाण्याची बारीक धार. गाळून झाल्यावर तिनं फडकं उलटं करून तांब्यात खंगाळलं आणि तांब्या आडावर नेला.

"अगं, वरून ओतू नकोस!" शेठ बसल्या जागेवरून ओरडले. "खाली नेऊन सोड!"

"कशानं सोडू?" साळुबाईही वैतागलेली होती. "दोन दोरांची कळशी घावतच न्हाई. आजी गेल्यापास्नं खुंटी रिकामीच हाय."

"दोन दोरांची?" मी उठलो.

हर्षानं मला समजावलं. समजावताना तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. त्यांच्यात पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव टाकून देत नाहीत. त्याला जिवाणी म्हणतात. ज्या पाण्यातून आले, त्याच पाण्यात ते परत सोडायचे. वरून ओतले तर आपटून मरतील, म्हणून कळशीच्या बुडाला एक कडी असते आणि तिला दुसरा बारीक दोर. कळशी जाड दोरानं पाण्यापर्यंत न्यायची आणि मग बारीक दोर ओढून अलगद कलती करायची.

ती मधेच थांबली. "सर, तो कागद..."

"हो."

"अकरा मिनिटं बसलेलं ते कोण..."

"हो, पोरी."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि बैठकीतून तिचे वडील विचारत होते, "काय झालं? काय सापडलं?"

६

शनिवारी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. प्राचार्य, शेठ, हर्षा, दाराशी उभा संपत आणि मी. टेबलावर तक्रार आणि हुकूम शेजारी शेजारी पडले होते. मी सगळं क्रमानं सांगितलं. श्वास, अकरा मिनिटं, स्टुलावर बसलेलं थकलेलं माणूस. फक्त जिवंत तेवढेच गेले, मेलेले राहिले. दोन दोरांच्या खुणा. लठ्ठ यीस्ट. आडावरची रिकामी खुंटी.

"प्यारीबाई त्या संध्याकाळी इथं आल्या होत्या," मी म्हणालो. "संपतनं दार उघडलं. त्या बसल्या आणि त्यानं सगळं एका भांड्यात ओतून घेतलं."

"खोटं हाय!" संपत ओरडला. "म्हातारीचं नाव घिऊ नका. मी एकट्यानं नेलं. मीच चोर. घाला मला आत!"

मी एकतीस वर्षांत पुष्कळ खोट्या कबुल्या पाहिल्यात. इतक्या तळमळीनं दिलेली एकही नाही. मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "संपत, शपथ घातली होती का त्यांनी?"

तो तिथंच, दाराच्या चौकटीशी खाली बसला.

"शपत न्हाई. हात जोडलं तिनं," तो म्हणाला. "सा दिस उपाशी व्हती. कापत व्हती. ताईंनी तिला सांगितलं व्हतं, हे जीव उपाशी ठिवले की चरबी धरत्यात. ती म्हनली, संपत, उपाशी ठिवायचं आन् मग उकळायचं? दर आठवड्याला तू त्यांना कुकरात घालतोस, तुला कसं वाटतं? अकरा वर्सांत मला ह्ये कुनी इचारलं न्हवतं, सायेब. मला वंगाळच वाटायचं. शिट्टी झाली की मी बायेर जाऊन हुबा ऱ्हायचो." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "म्हनली, माझ्या नातीच्या हातनं ह्ये पाप नको. जितनं आनलं तितं नेऊन सोड. तिला कळू दिऊ नको. कळशी तिनंच दिली. सोडताना मला बी रडू आलं. मी सोडून आलो आन् दुसऱ्या दिशी कळलं, म्हातारी गेली. मेलेल्या मानसावर ढकलून मी कायम व्हायचं का?"

हर्षा रडत होती, आवाज न करता. मला वाटलं ती म्हणेल, माझी दोन वर्षं गेली. ती म्हणाली, "दादीनं मला का नाही विचारलं? मी थांबवलं असतं सगळं."

"म्हणूनच नाही विचारलं," मी म्हणालो. "तुझं काम तूच सोडून द्यावंस, हे त्यांना नको होतं."

मदनलाल शेठ भिंतीकडे बघत होते. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी संवत्सरी होती. वर्षभरात ज्यांना दुखवलं, त्या सगळ्यांची आम्ही त्या दिवशी क्षमा मागतो. मरताना तर मागतोच. आई त्याच्यावर आळ घेत नव्हती. त्याला बोलवा म्हणत होती. त्याला अडचणीत घातलं म्हणून तिला त्याची क्षमा मागायची होती. मी तिचा मुलगा, मला हे कळायला हवं होतं. साऱ्या बाजारात मला हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं!"

त्यांनी टेबलावरची तक्रार उचलून फाडली. प्राचार्यांनी पेन काढलं आणि हुकुमावर सही केली. मग शेठ संपतसमोर आले. जड माणूस, गुडघ्यांवर बसायला त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली.

"आईच्या वतीनं मिच्छामि दुक्कडम्, संपत. आणि माझ्या स्वतःच्या वतीनंही. क्षमा कर."

संपत चौकटीला धरून उठला. त्याचा चेहरा मला वाचता येईना.

"म्हातारीला माफी कवाच हाय," तो म्हणाला. "तिनं मागायची बी गरज न्हवती. पर शेठ, पंधरा दिस माझ्या पोराला शाळंत चोराचं पोर म्हनत्यात. बायको पान्याला जाती तर बाया बाजूला सरत्यात. तुमी भर बाजारात माझं नाव घेतलं. तुमाला माफ करायला मला आज न्हाई जमायचं. खोटं कशाला बोलू? टाइम लागंल."

प्राचार्य काहीतरी समजुतीचं बोलणार होते. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

"लागू दे," शेठ म्हणाले. "मी थांबतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. माझी एसटी साडेचारची होती. निघताना व्हरांड्यातून गेलो तर प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. संपत आत फरशी पुसत होता, हर्षा वहीत काही लिहीत होती. बाहेरच्या बाकावर मदनलाल शेठ एकटेच बसले होते, चपला काढून, हात मांडीवर जोडून. येणारी-जाणारी पोरं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती. संपतनं अजून एकदाही मान वर केली नव्हती.